इंजिन अडखळते, दोष पान्याचा?



रावेर-यावलची केळी असो की साक्रीचा कांदा. वीज गेली की डिझेल इंजिन हाच आधार. ते घरी खोलून जोडले आणि अडखळू लागले, की शहाणे म्हणतात, "अडाण्याने हात घातला, दुसरे काय होणार?"

हात घालावाच लागतो. फिटर येईपर्यंत पीक थांबत नाही. आणि बिघाड ओळखणे ही काही जादू नव्हे. जे शेवटी उघडले, ते आधी तपासा. डिझेलची नळी सोडली होती? आत हवा शिरली असेल. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या. पंप काढला होता? त्याखालची पातळ पत्री हरवली तर डिझेल वेळेआधी पडते, इंजिन ठोके देते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे.

पण टॅपेटची फट किती, पत्र्या किती? जुने इंजिन घेणाऱ्याला हे आकडे कोण देणार? ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले. दर मोकळे, मग माहिती कोंडलेली का? जुलै २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची यंत्रे आहेत. तो हक्क दिल्लीच्या कागदावर नको. प्रत्येक विक्रेत्याने हे आकडे मराठीत छापून दुकानाच्या भिंतीवर लावावेत.

इंजिन आमचे, डिझेल आमच्या पैशाचे. मग किल्ली दुसऱ्याच्या खिशात कशाला?