कान्होजींचा धडा 1729 वर संपवू नका

अमरावती-अकोल्याच्या वर्गात कान्होजी आंग्रे शिकवताना समोरच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. मग आपण किल्ल्यांची नावे पाठ करवतो आणि मृत्यूच्या तारखेशी धडा आटोपतो. इतिहास-शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, की तसे करू नका.

समुद्र ठाऊक नसला तरी वऱ्हाडातल्या मुलाला हंगाम कळतो. इकडे कापसाची वेचणी सुरू असते त्या महिन्यांत कोकणात आरमार पाण्यावर असे. पावसाळ्यात ते किनाऱ्याला घेत. वारा पडला की शत्रूचे जड जहाज जागीच अडके. मग वल्ह्यांची गलबते तोफांच्या गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, ओढत त्याच्या पिछाडीला नेत, कारण त्याच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. फळ्यावर चार रेघांत हे दाखवता येते. 1718 साली इंग्रज खांदेरीवर आले, 1721 साली पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले, आणि दोन्ही वेळा हात हलवत परतले.

पण खरा प्रश्न 1713 चा आहे. कान्होजींनी छत्रपती शाहूंच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केले होते. बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंच्या बाजूला आणले, त्यांचे सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचे पद, कायम झाले. दर्या आणि देश यांचा हा सांधा दोन माणसांच्या ओळखीवर आणि विश्वासावर टिकला होता. तो टिकवील अशी व्यवस्था मागे नव्हती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

4 जुलै 1729 रोजी, ऐन पावसाळ्यात, कान्होजी अलिबागेत वारले. चार वर्षांत त्यांचे थोरले पुत्र सेखोजीही गेले. मग सेखोजींचे भाऊ मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्गाला, अशी घराची आणि आरमाराची वाटणी झाली. पुढे त्यांचेच भाऊ तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचे इतके बिनसले, की पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. मुलांपासून हे लपवू नये. ती अवघड प्रश्न विचारतील, विचारू द्या.

विजयदुर्गावर आलेले इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह पुढच्याच वर्षी बंगालमध्ये होते. प्लासीचा धडा घेताना फळ्यावर 1757 च्या शेजारी 1756 लिहा आणि दोन्हींखाली हीच दोन नावे मुलांकडून भरून घ्या.