सहलीआधीचा एक दिवस, सहलीनंतरचे दोन



वर्षावास संपत आला की आपल्या विहारांत सहलीची बोलणी सुरू होतात. पूर्वी ती बुद्धगया-सारनाथपर्यंत असत. आता कुणी भिशीचे पैसे उचलून, कुणी निवृत्तीच्या रकमेतून थोडे बाजूला काढून श्रीलंकेच्या सहलीला नाव देतात. याची आम्हाला मनापासून धन्यता वाटते. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्यांची नातवंडे आज समुद्रापलीकडच्या स्तूपाला वंदन करून येतात.

या मंडळींपैकी अनेक जण आम्हाला एकच गोष्ट विचारतात. सहल सहा-सात दिवसांची, धावपळीची. तिला पुढे-मागे एक-दोन दिवस जोडता येतात का? परवडते का? टूरवाले नसताना परक्या मुलखात आपले निभेल का? उत्तर 'होय' असे आहे. पण ते दिवस कशासाठी हवेत, हे घरी बसून आधी ठरवले पाहिजे. आम्ही ही गोष्ट चुकून शिकलो, म्हणून आधी आमची चूकच सांगतो.

2018 साली आम्ही दोघे आईला घेऊन एका सहलीबरोबर श्रीलंकेला गेलो. आई दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणारी. तिथला बोधिवृक्ष अनुराधपुरहून आणलेल्या फांद्यांचा आहे, हे तिने ऐकलेले. तेव्हा मूळ झाड पाहायचे, त्याच्याखाली बसून शांतपणे वंदना म्हणायची, एवढीच तिची इच्छा होती. सिगिरियाचा किल्ला, चहाचे मळे यांत तिला रस नव्हता.

पहिली चूक नागपुरातच झाली. विमान मुंबईहून रात्रीचे होते, म्हणून आम्ही त्याच दिवशी सकाळी मुंबईला पोचणाऱ्या गाडीचे तिकीट काढले. मुक्कामाचा खर्च वाचेल, हा हिशेब. गाडी वाटेत सहा तास रखडली. स्टेशनवरून धावत विमानतळ गाठला तेव्हा गटातली मंडळी आत गेलेली होती. कसेबसे विमान मिळाले, पण आईचे पाय सुजले ते सुजलेच.

दुसरी गोष्ट अनुराधपुरला घडली. बस उशिरा पोचली होती आणि पुढे दंबुल्ला गाठायचे होते. महाबोधीच्या आवारात आम्हाला पाऊण तास मिळाला. त्यातला निम्मा पादत्राणे ठेवण्यात, फुले घेण्यात आणि तपासणीच्या रांगेत गेला. आई वाळूवर बसली, त्रिसरण-पंचशील झाले, बुद्धपूजा सुरू झाली, तोच मार्गदर्शकाची हाक आली, 'चला, बस सुटते.' आई अर्ध्यावर उठली. बसमध्ये ती एवढेच म्हणाली, 'इतक्या दूर आलो अन् उभ्या उभ्या परतलो.'

यात त्या मार्गदर्शकाचा दोष आम्ही मानत नाही. चाळीस माणसे वेळेवर पुढच्या गावी नेणे हेच त्याचे काम. गटाची सहल सगळ्यांची असते, त्यामुळे ती एकाच्या मनासारखी थांबत नाही. आपल्या मनाचे जे असेल त्याला वेगळा दिवस आपणच ठेवावा लागतो.

पुढे 2024 मध्ये आमचे पुन्हा जाणे झाले तेव्हा आम्ही एक सूत्र धरले. सहलीआधीचा दिवस रिकामा ठेवायचा आणि सहलीनंतरचे दिवस आपल्या इच्छेसाठी ठेवायचे. आधीच्या दिवसावर काही महत्त्वाचे टाकू नये. गाडी किंवा विमान लांबले तर तो दिवस त्यातच जातो आणि गट आपल्यासाठी थांबत नाही. नागपूर, नांदेड, सोलापूर अशा ठिकाणांहून निघणाऱ्यांनी एक दिवस आधी मुंबईत यावे. चेंबूर, वरळी, विक्रोळी, कुठे ना कुठे आपला नातेवाईक असतोच. श्रीलंकेचे व आपले घड्याळ एकच असल्यामुळे तिथे गेल्यावर झोपेचा घोटाळा होत नाही. थकवा येतो तो घरापासून मुंबईपर्यंतच्या प्रवासाचा.

आता नंतरचे दिवस. हे दिवस सहल सुरू झाल्यावर मागता येत नाहीत. गटाच्या भाड्याने काढलेल्या तिकिटात जाण्या-येण्याची तारीख सहसा सर्वांची एकच असते, आणि तिकिटे निघाल्यावर बदल करायला दंड पडतो किंवा बदल होतच नाही. म्हणून बयाणा देण्याआधीच टूरवाल्यांना विचारावे, 'आमचे परतीचे तिकीट दोन दिवस पुढचे मिळेल का, आणि फरक किती पडेल?' उत्तर कागदावर घ्यावे. तोंडी 'होऊन जाईल' यावर विसंबू नये.

त्याच वेळी आणखी चार गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, प्रवेशाच्या परवानगीत आपले जादा दिवस धरले आहेत का. टूरवाले अर्ज भरताना सगळ्यांच्या तारखा सरसकट लिहितात. दुसरी, प्रवासाचा विमा. तो बहुधा गटाच्या शेवटच्या दिवशी संपतो, तेव्हा आपल्या परतीच्या दिवसापर्यंत वाढवून घ्यावा. तिसरी, रजा. पालिका, रेल्वे, एस. टी. वा सरकारी नोकरीतल्यांना परदेशी जाण्यासाठी खात्याची परवानगी लागते. तिच्यातही हेच दिवस हवेत, आणि परतल्यावर कामावर जायच्या आधी एक दिवस मोकळा असावा. चौथी, हॉटेल ते विमानतळ ही गाडी. टूरच्या पैशांत ती गटासोबत जाणाऱ्यांपुरतीच असते. मागे राहणाऱ्याने आपली सोय आपण करावी. आणि सहल अर्ध्यावर सोडून वेगळे व्हायचा विचार करू नये. उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत आणि मार्गदर्शकाच्या जिवाला घोर लागतो तो वेगळाच.

खर्चाचे सांगायचे तर मुख्य खर्च विमानाचा, आणि तो सहलीत झालेलाच असतो. जादा दिवसांना लागते ती दोन रात्रींची खोली, गाडीभाडे आणि जेवण. टूरच्या मोठ्या हॉटेलात पुढे राहू नये. घरगुती पाहुणेघरे स्वस्त पडतात, आणि भात, वरण, नारळाची भाजी आपल्या जिभेला जमते. जुन्या अवशेषांच्या ठिकाणी परदेशी माणसाचे तिकीट भारी असते, पण अनेक ठिकाणी सार्क देशांतील लोकांना सवलत मिळते. त्यासाठी पासपोर्ट जवळ बाळगावा.

आमचे दोन दिवस असे गेले. कँडीला दंतधातूच्या विहाराचे दर्शन घेऊन गट कोलंबोला आला. याच कँडीत 1950 साली जागतिक बौद्ध परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिला गेले होते. कोलंबोहून गट विमानतळाकडे गेला आणि आम्ही फोर्ट स्टेशनवरून अनुराधपुरची गाडी धरली. अंतर सुमारे 200 किलोमीटर. गाडीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवली होती. पाहुणेघराचा पत्ता सिंहली अक्षरांत लिहून घेतलेला कागद खिशात होता. तो रिक्षावाल्याला दाखवला की काम झाले. पहिली रात्र अनुराधपुरला काढली. दुसरी मात्र विमानतळाजवळ, नेगोंबोला. विमानतळ कोलंबो शहरात नाही, उत्तरेला 30 किलोमीटरच्या आसपास, कटुनायके येथे आहे. शेवटची रात्र कधीही लांबच्या गावी काढू नये, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

अनुराधपुरला दुपारी जाऊ नये. पायांत काही नसते आणि फरशी तव्यासारखी तापते. सायंकाळी किंवा पहाटे जावे. कपडे पांढरे, खांदे व गुडघे झाकणारे असावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तिथले लोक त्याला अपमान समजतात. पौर्णिमेला तिथे 'पोया' म्हणतात. त्या दिवशी सुट्टी असते, दारू-मांसाची विक्री बंद असते आणि उपासकांची मोठी गर्दी लोटते. जूनच्या पोसोन पौर्णिमेला तर अनुराधपुर आणि जवळच्या मिहिंतलेला पाय ठेवायला जागा नसते, कारण महिंद थेरांनी धम्म आणला तो हा दिवस. ते पाहायला अवश्य जावे, पण खोली फार आधी सांगून ठेवावी. म्हाताऱ्या माणसांसोबत शांत दिवस हवा असेल तर पोया टाळावा.

या दुसऱ्या खेपेला आई आली नाही. तिचे गुडघे आता पायरी चढू देत नाहीत. निघताना म्हणाली, 'तिथं जरा वेळ बसा. माझ्या वाटचंही बसा.'

सायंकाळी आम्ही महाबोधीच्या आवारात गेलो. संघमित्रा थेरींनी बुद्धगयेहून आणलेल्या फांदीचे हे झाड, बावीसशे वर्षांहून जुने. भोवती कठडा असल्यामुळे झाडाला हात लावता येत नाही, पण खालच्या आवारात कितीही वेळ बसता येते. शेजारी एक सिंहली आजी नातीला मांडीवर घेऊन पुटपुटत होती. शब्द पालीचे, आपलेच. चाल तेवढी वेगळी. आम्ही त्रिसरण-पंचशिलापासून सुरुवात केली आणि वंदना शेवटपर्यंत म्हटली. मग आईच्या वाटची पुन्हा एकदा म्हटली. अंधार पडला, दिवे लागले. तिथून रुवनवेलीसाय स्तूपाच्या पांढऱ्या घुमटापर्यंत पायी चालत गेलो. पहाटे परत आलो आणि पुन्हा बसलो. नवीन असे काही पाहिले नाही. मागच्या खेपेला जे हातून निसटले होते, तेवढे पुरे केले.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवले. तिने ते बाजूला ठेवले आणि एकच विचारले, 'मधी कोणी उठवलं तर नाही ना?'

'नाही आई, कोणी उठवलं नाही,' आम्ही म्हणालो. ती समाधानाने हसली.

म्हणून सहलीला नाव देण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. म्हाताऱ्या माणसाला आवर्जून विचारावे, 'तुला तिथं काय करायचंय?' जे उत्तर येईल ते सहलीच्या कार्यक्रमात पुरेसे बसते का पाहावे. बसत असेल तर जादा दिवस घेऊ नयेत, पैसे वाचतील. बसत नसेल तर इतर खर्चाला कात्री लावावी, पण तो दिवस घ्यावा. कुटुंबाच्या आयुष्यात अशी सहल बहुधा एकदाच होते.

जयभीम! नमो बुद्धाय!