पणजीचं माहेर, बेल्जियमच्या दफ्तरात

वंशावळ शोधायची म्हणजे आडनाव धरून वर चढत जायचं. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. कुलवृत्तांत बघत वाढलेली माणसं आपण, दुसरं सुचणार कसं? पण बेल्जियममधले पूर्वज शोधताना जो कोणी असं करतो तो निम्मा खजिना दारातच टाकून येतो, असं माझं ठाम मत झालंय.

(मध्येच बेल्जियम कुठून उगवलं असं विचारणाऱ्यांसाठी: भाचीचं सासर गेंटजवळचं. तिच्या लेकीसाठी वडिलांकडची माणसं शोधायचं काम मी हौसेने अंगावर घेतलंय.)

तर तिथली सोय अशी. १७९५ साली फ्रान्सने तो मुलूख गिळला आणि १७९६पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू केली. त्याआधी हे सगळं चर्चच्या वह्यांत असायचं. या नोंदींची पानं बेल्जियमच्या सरकारी पुराभिलेखागाराने स्कॅन करून नेटवर ठेवली आहेत. खातं उघडावं लागतं, पैसे नाहीत. फॅमिलीसर्चवरही बरंच आहे. जन्माची नोंद शंभर वर्षं, लग्नाची पंचाहत्तर आणि मृत्यूची पन्नास वर्षं जुनी झाली की सर्वांना खुली होते. म्हणजे पहिली पायरी घरच्यांना विचारूनच चढायची. आजोबा कुठल्या गावी जन्मले हे कळलं की पुढचं दफ्तर सांगतं, कारण तिथे सगळं गाववार लावलेलं आहे.

नाव टाइप करून 'शोधा' दाबण्यावर फार विसंबू नका. गावाच्या वहीची दहा-दहा वर्षांची सूची असते. ती उघडा, नोंदीचा क्रमांक घ्या आणि मूळ पानावर जा. एकच माणूस चर्चच्या लॅटिनमध्ये योआनेस, फ्रेंच कारकुनाच्या हाताखाली जाँ आणि घरात यान असतो. 'व्हान' आणि 'डे' कधी आडनावाला चिकटून, कधी सुटे. सुरुवातीच्या वर्षांत तर तारखाही फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातल्या, महिन्यांची नावं ब्रुमेर, निव्होज अशी. १८०६च्या १ जानेवारीपासून तो प्रकार बंद झाला. शके आणि तिथीवरून इंग्रजी तारीख काढणाऱ्या आपल्या लोकांना हे काही जड नाही!

आता मुद्द्याची गोष्ट. त्या कागदांत बाई तिच्या जन्माच्या नावानेच राहते. लग्न होवो, सहा पोरं होवोत, नवरा मरो, ती स्वतः मरो, प्रत्येक नोंदीत तिचं माहेरचं नाव आणि आडनाव. लग्नाच्या नोंदीत तर वधूवरांचं वय, जन्मगाव, धंदा आणि दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात. शिवाय जोडपत्रं. दोघांचे जन्माचे उतारे, आईवडील हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचे उतारे, कधीकधी आजोबांच्यासुद्धा. एका लग्नाच्या पुडक्यात तीन पिढ्या सापडतात, आणि त्या दोन्ही बाजूंच्या.

आणि नुसती नावं नाहीत. नोंदीच्या शेवटी सह्या असतात, किंवा 'लिहिता येत नसल्याचं सांगितलं' असा शेरा. भाचीच्या सासरची एक बाई १८४०च्या दशकातली, धंदा सूत कातणं, तिच्या आईचाही तोच. तिला सही येत नव्हती. १८४५पासून फ्लँडर्समध्ये बटाट्यावर रोग पडला आणि गिरण्यांपुढे घरगुती सूतकताई मोडून पडली, हे इतिहासाच्या पुस्तकात आहेच. पण या बाईची दोन मुलं १८४७च्या मृत्यूच्या वहीत लागोपाठ सापडली तेव्हा मी उठून गच्चीत फेऱ्या मारल्या. तिचं आडनाव वंशवृक्षात कुठेच नव्हतं. नेटवर तयार मिळालेल्या त्या झाडात ती फक्त कुणाचीतरी बायको होती, आणि झाड रचणाऱ्याने पुढे बापाबापांवरून वर उडी मारली होती. दफ्तराने जे जपलं ते हौशी लोकांनी गाळलं. याला काय म्हणावं!

कुणी म्हणेल, दोन्हीकडून चढायचं तर फांद्या दुप्पट, आवरणार कसं? नाही आवरणार. नाही आवरलं तरी चालेल. दहा पिढ्या एका आडनावाच्या असण्यापेक्षा पाच पिढ्या सगळ्यांच्या असलेल्या बऱ्या. आडनाव हा रक्ताचा एक बारीकसा धागा. पाचव्या पिढीपर्यंत बत्तीस माणसं होतात, त्यातल्या एकाचंच आडनाव आपल्याकडे येतं.

आपल्या कुलवृत्तांताबद्दल मला आदर आहे, त्यामागचे कष्ट मोठे आहेत. पण आमच्या त्या जाडजूड ग्रंथात माझ्या बहिणीचं नाव आहे, कंसात सासरचं नाव आणि गाव आहे, आणि तिथे ओळ संपते. भाची त्यात नाही. तिची लेक तर नाहीच. आईचंही तेच. लग्नात बदललेलं नाव आहे, आधीचं नाही.

म्हणून घरच्या मंडळींना एक काम सांगतो. आत्या, मामी, काकू, तुमची लग्नाआधीची पूर्ण नावं मला कळवा. तुमच्या आईचीही. आणि शक्य असेल तर आजीचीही, माहेरच्या गावासकट. आपल्याकडे ती कुठल्या कचेरीत शोधायची सोय नाही, जी आहेत ती तुमच्या डोक्यात आहेत. मेल करा, नाहीतर फोन करा, रात्री नऊनंतर मी घरीच असतो.