दिव्यांचे हुकूम

हिंगोलीच्या दसरा महोत्सवात रामलीला व रावणदहन होते. अशा रंगमंचावरील दिव्यांस एकाच तारेतून हुकूम पोहोचविणारी 'डीएमएक्स ५१२' ही पद्धती अमेरिकेत १९८६ साली ठरली. ही तार नुसती जोडून फाटे फोडू नयेत. संकेत उलटून येतो व दिवे भलतेच लुकलुकतात. त्यासाठी विभाजक यंत्र असते. दोन चालकांचे हुकूम एकाच तारेत सोडल्यास दोन वडीलधाऱ्यांनी एकाच वेळी आज्ञा केल्यासारखा गोंधळ उडतो. मीलक यंत्र बहुधा अधिक प्रकाशाचा हुकूम मानते. परंतु या पद्धतीत चुकलेला संकेत ओळखण्याची खात्रीची सोय नाही. दिवा चुकला तर प्रसंग बिघडेल; शोभेची दारू चुकली तर जीव जाईल. म्हणून रावणाची दारू या तारेवर कदापि सोपवू नये, असे उत्सवात राबणाऱ्या तरुणांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे.