कामाची पाळी सर्वांना दिसावी

रात्री-अपरात्री हाकेला धावून येणारा कार्यकर्ता ही गावाची मोठी संपत्ती होय. परंतु आज हाकेला कोण येणार आहे हे त्याच्या सहकाऱ्यांनाच ठाऊक नसेल, तर ती संपत्ती असून नसल्यासारखी आहे. पशुवैद्यक, कृत्रिम रेतन करणारे कार्यकर्ते व दवाखान्याचे परिचर या सर्वांजवळ आज मोबाइल आहे. तरीही अडलेल्या गाईचा मालक एकामागून एक पाच जणांना फोन लावतो आणि प्रत्येकाकडून “आज माझी पाळी नाही, दुसऱ्यास विचारा” असे उत्तर ऐकतो. येथे माणसांची वाण नाही. पाळी लिहून सर्वांपुढे ठेवण्याची वाण आहे.

येलदरीच्या परिसरातील लोकांना पाळीचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. पूर्णा नदीवरील येलदरी धरणात सुमारे 934 दशलक्ष घनमीटर पाणी साठते. वीजगृहातील साडेसात मेगावॉटचे तीन संच फिरवून ते पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात जाते व तेथून कालव्यांवाटे परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शिवारांत पोचते. एवढा साठा असला तरी सर्व शेतांना एकाच वेळी पाणी देता येत नाही. म्हणून कालव्यावर शेजपाळीची पद्धत आहे. कोणत्या शेताला कोणत्या दिवशी व किती वाजता पाणी मिळावयाचे, हे तीत आगाऊ ठरलेले असते. शेजपाळीचे खरे बळ असे की, माझी पाळी मला जशी ठाऊक असते तशीच ती माझ्या शेजाऱ्यालाही ठाऊक असते. त्यामुळे बारे कोणी धरावयाचे याचा वाद राहत नाही. हाकेवर धावणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कामालाही हाच नियम लावला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेळ चुकल्यास काय हानी होते, हे कृत्रिम रेतनाच्या उदाहरणाने चांगले ध्यानात येईल. गाय सकाळी माजावर दिसली तर त्याच दिवशी सायंकाळी, आणि सायंकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा साधा नियम पशुपालकांना माहीत आहे. ही वेळ टळली म्हणजे पुढचा माज साधारण 21 दिवसांनी येतो. तेवढे दिवस गाय भाकड राहते. वैरण व पेंड मात्र रोज लागतेच. म्हशीचे काम आणखी नाजूक असते. तिचा माज पुष्कळदा मुका असतो आणि तो रात्री वा पहाटे दिसतो. म्हणून हाक येते तीही आडवेळीच. विण्यास अडलेले जनावर किंवा पोट फुगलेला बैल यांच्या बाबतीत तर दिवसांचा नव्हे, घटकांचा हिशेब असतो. बैल गेला तर पेरणीच्या तोंडावर सारे घरच आडवे होते. अशा वेळी योग्य माणूस शोधण्यात गेलेला प्रत्येक तास जनावराच्या जिवावर बेततो.

उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी 1967 साली स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने रेतनाची सोय शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली. सेवा दारात आली, ही मोठीच सुधारणा झाली. परंतु सेवा दारात यावयाची असेल तर सेवक कोठे आहे हे आधी कळावे लागते. 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते व ती अवश्य मागावी. तथापि पथकाच्या गाडीला अनेक गावे असतात. ती एका गावी गुंतली असता जवळच्या पंचक्रोशीत त्या दिवशी कोण मोकळा आहे, हे स्थानिक कार्यकर्त्यांना ठाऊक असलेच पाहिजे.

पुष्कळ ठिकाणी याकरिता व्हॉट्सॲपचा गट केलेला असतो. गट असणे चांगले. पण गट म्हणजे पाळीपत्रक नव्हे. “उद्या मी रजेवर आहे” हा संदेश सकाळी येतो आणि दुपारपर्यंत शुभेच्छा, छायाचित्रे व परिपत्रके यांच्या ढिगाखाली गाडला जातो. रात्री अकरा वाजता तो शोधीत बसावयास कोणाला सवड असते? संदेश वाहून जातो; तक्ता जागेवर राहतो. म्हणून पाळी तक्त्यातच लिहावी.

असा तक्ता करण्यास खर्च नाही व विशेष शिक्षणही लागत नाही. गूगल शीट्समध्ये एक तक्ता उघडावा. त्यात दिवस, दिवसपाळी की रात्रपाळी, कार्यकर्त्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक, कोणती गावे, आणि तो न मिळाल्यास दुसरा कोण, एवढे सहाच रकाने ठेवावेत. रेतनाच्या कामाकरिता सातवा रकाना असावा: नत्रपात्र भरलेले आहे काय व कोणत्या जातीच्या वीर्यकांड्या शिल्लक आहेत. वीर्यकांड्या उणे 196 अंश सेल्सियस तापमानाच्या द्रवरूप नत्रातच टिकतात. माणूस हजर पण पात्र कोरडे, अशी हजेरी काय कामाची? लालकंधारी वा देवणी गाईच्या मालकाला त्याच जातीचे रेतन हवे असल्यास, ते कोणाजवळ आहे हेही या रकान्यावरून सहकाऱ्यांना तत्काळ कळेल.

तक्त्यात फेरफार करण्याचा अधिकार फक्त सहकाऱ्यांना द्यावा. दूध संकलन केंद्राचे चालक व ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांना तो केवळ वाचता यावा. कोणी काय बदलले याची नोंद तक्त्यात आपोआप राहते, त्यामुळे तक्रारीस जागा उरत नाही. तक्त्याचा दुवा गटात पिन करून ठेवावा. तो 30 दिवसांपर्यंत वर राहतो. मुदत संपली की पुन्हा पिन करावा. पशुपालकांची नावे व क्रमांक मात्र या तक्त्यात लिहू नयेत. ज्यांना तक्त्यापेक्षा दिनदर्शिका सोयीची वाटते त्यांनी गूगल कॅलेंडर सामाईक करून वापरावे. दोन्ही एकदम चालवू नयेत. दोन ठिकाणी लिहिलेली पाळी लवकरच दोन तऱ्हेची होते.

साधनापेक्षा नियम महत्त्वाचा. पुढील आठवड्याची पाळी प्रत्येक शनिवारी भरून पुरी करावी आणि हे पाहण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे. दुसरा नियम त्याहून मोलाचा आहे: ज्याला पाळी बदलावयाची असेल त्याने आधी बदली मिळवावी, आणि बदलीने आपले नाव स्वतः तक्त्यात लिहीपर्यंत पाळी मूळ माणसाचीच समजावी. “मी त्याला सांगितले होते” या सबबीवर पुष्कळ जनावरे दगावतात. हा एक नियम पाळला तर ती सबबच नाहीशी होईल.

यावर काही आक्षेप घेतले जातात. जिंतूरच्या डोंगराळ भागात सर्वत्र नेटवर्क मिळत नाही, हे खरे आहे. त्यावर उपाय दोन. मोबाइलमध्ये तक्ता ऑफलाइन पाहण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. आणि दर शनिवारी त्याची एक प्रत हाताने उतरून दूध संकलन केंद्राच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. मध्येच पाळी बदलल्यास फलकावरही दुरुस्ती करावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपण कोठे आहोत हे वरिष्ठांना दिसेल व तक्ता हा पाळतीचा फास होईल, अशी भीती कार्यकर्त्यांना वाटते. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. म्हणून वरिष्ठांनी हा तक्ता हजेरीपत्रक म्हणून वापरू नये, असे आम्ही आग्रहपूर्वक सुचवितो. हजेरीकरिता इतर साधने आहेत. तक्त्याच्या आधारे जाब विचारले जाऊ लागले की त्यात खरे लिहिणे थांबेल, आणि खोटा तक्ता हा तक्ता नसण्याहून वाईट. तेथे फक्त “मी उपलब्ध आहे” किंवा “नाही, अमुक आहे” एवढेच असावे. रजेचे कारण लिहावयाचे नाही.

उलट, उघड्या पाळीपत्रकाने कार्यकर्त्याचे रक्षणच होते. आज जो फोन उचलतो त्याच्यावरच साऱ्या पंचक्रोशीचा भार पडतो. पोळा असो वा दिवाळी, त्यालाच जावे लागते. पाळी सर्वांना दिसू लागली म्हणजे कोणाच्या वाट्याला किती रात्री आल्या हेही दिसते आणि भार सारखा वाटला जातो. ज्याची पाळी नाही त्याला निर्धास्त झोप मिळते. थकलेल्या माणसाकडून चांगली सेवा घडत नाही, हे विसरून चालणार नाही.

येलदरी जलाशयाबाबत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. अलीकडे परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुका, तर पलीकडे हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुका आहे. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कार्यालये वाटली गेली. परंतु अडलेल्या म्हशीला जिल्ह्याची हद्द कळत नाही. दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी आपापले तक्ते एकमेकांना निदान वाचण्यापुरते खुले केले, तर निकडीच्या वेळी जवळचा माणूस कोण हे दोघांनाही कळेल.

पशुसेवेबाबत जे सांगितले तेच गावच्या नळयोजनेचे पंपचालक, वीजतंत्री व कालव्यावरील कर्मचारी यांनाही लागू आहे. सर्वत्र एकदम आरंभ करण्याची गरज नाही. एका दवाखान्याने व त्याच्या भोवतालच्या चार-पाच गावांनी येत्या शनिवारी सहा रकान्यांचा तक्ता उघडावा, महिनाभर तो नेमाने चालवावा आणि मग शेजारच्या दवाखान्यास दाखवावा. पाण्याची पाळी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आलो; माणसाची पाळी सांभाळणे त्याहून कठीण नाही.