मोबाइल भावाचा, प्रश्न तिचा

गेल्या महिन्यात एका शाळेत नववी-दहावीच्या मुलींशी गप्पा मारायला गेलो होतो. दर आठवड्याला मिळणारी रक्तवाढीची निळी गोळी कोण कोण घेतं, असं विचारलं. सगळ्यांचे हात वर. मग खसखस पिकली. मागून एकजण म्हणाली, "ताई, गोळी खिडकीतून जाते."

का? तर गोळी घेतल्यावर एकीला शौचाला काळी झाली. ती घाबरली. घरी विचारायची लाज. रात्री भावाचा मोबाइल पंधरा मिनिटं हाती आला, तेव्हा तिने त्यावर शोधलं. व्हिडिओतल्या बाईंनी सांगितलं, या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, आमचं चूर्ण घ्या. नंतर भावाने तिने काय पाहिलं ते उघडून पाहिलं आणि दरडावलं. मोबाइल बंद. गोळीही बंद.

लोहाच्या गोळीने शौचाला काळी होतेच. मूल न होण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. वर लगेच चहा प्यायला तर लोह नीट अंगी लागत नाही, लिंबू-आवळा खाल्ला तर जास्त लागतं. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. सरकारने 2013 साली सहावी ते बारावीच्या मुलामुलींसाठी ही योजना आणली. या वर्गात गोळ्या पोचल्या, ती दोन मिनिटं पोचली नव्हती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तपांढऱ्या आढळल्या, मुलगे 31 टक्के. त्याच सर्वेक्षणात इंटरनेट कधीही वापरलेल्या बायका 33 टक्के, पुरुष 57 टक्के. म्हणजे ज्यांना माहितीची गरज जास्त, त्यांच्याच हाती साधन कमी.

'मुलींनो, खरी-खोटी माहिती ओळखायला शिका' अशी भाषणं हल्ली फार होतात. शिकवावंच. सांगणारा कोण, तो काय विकतो, हे विचारायची सवय लागायलाच हवी. पण उसन्या मोबाइलवर चोरून पाहणारी मुलगी चार ठिकाणी ताडून कशी पाहणार? पहिलं जे दिसेल ते ती घेते, आणि पुढे पुढे करणाऱ्याकडे बहुधा विकायला काहीतरी असतं. मुलगी बिघडेल म्हणून मोबाइल काढून घेतात. भाऊ काय बघतो, हे कुणी विचारत नाही. आपणही यात आहोत, मैत्रिणींनो. मी स्वतः लेकीचा मोबाइल तपासला आहे, तोही ती झोपल्यावर.

शाळेतल्या संगणकावर आठवड्याला एक तास मुलींना मिळावा, बाईंनी सोबत बसावं, विचारलेला प्रश्न घरी पोचू नये. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री क्लिनिक' आहेत, 2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात त्यांची तरतूद आहे. त्या वर्गात एकीनेही हे नाव ऐकलं नव्हतं.

निघताना तीच मुलगी जवळ आली. "तीन महिने घेतली नाही, आता घेतली तर चालेल?" चालेल, म्हटलं. पुढच्या बैठकीला आम्ही भावांनाही बोलावलं आहे.