पाहावं, पण हात लावू नये



जानेवारीत सून आणि नातीबरोबर अंदमानच्या स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) जाऊन आले. नात स्कूबा करायला खाली गेली. माझं वय ६४, बीपीची गोळी चालू, म्हणून मी मास्क आणि नळी लावून वरूनच पाहिलं. समुद्रफुलाच्या झुपक्यात राहणारा केशरी पट्ट्यांचा मासा, चोचीने प्रवाळ खरवडणारा पोपटमासा. पुष्कळ दिसलं.

मंदिरात एका ताईंनी विचारलं, "अहो, केवळ मौजेसाठी पाण्यात उतरायचं? जलकायिक जीवांची किती विराधना!" प्रश्न रास्त आहे. दोष लागत नाही असं मी म्हणणार नाही. पण आपली मुलं, सुना जाणारच आहेत. मग निदान यत्नाचाराने जावं, एवढंच माझं मत.

माझी चूक आधी सांगते. नावेवरच्या मुलाने पाण्यात ब्रेड टाकला, माशांची झुंबड उडाली. "चला, जीवदया झाली," म्हणत मीही दोन तुकडे टाकले. संध्याकाळी नातीने समजावलं, "आजी, यातले बरेच मासे खडकावरचं शेवाळ खातात, म्हणून प्रवाळाला जागा मिळते. ब्रेडने पोट भरलं तर ते काम कोण करणार?" मी गप्प झाले. पुण्य समजून केलं ते कृत, कारित, अनुमोदना तिन्ही खात्यांत जमा झालं.

आपल्या शास्त्रात प्रवाळाची गणना पृथ्वीकायिकांत आहे. विज्ञान त्याला प्राणी म्हणतं, हजारो इवल्या जीवांची वसाहत. तो दगड नव्हे, जीव आहे, यावर दोघांचं एकमत! मी कॉमर्सची, मला हिशेब सुचतो. गोल गोळ्यासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतात. वीतभर उंचीचा गोळा म्हणजे वीसेक वर्षांची ठेव. तिला पायातल्या रबरी पंखाच्या एका फटक्यानेही इजा होऊ शकते. त्यात पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ मध्ये लक्षद्वीपला मोठं नुकसान झालं, आणि २०२४ मध्ये जगभरातली अशी चौथी लाट जाहीर झाली. ठेव आधीच घटते आहे, आपण आणखी मोडू नये.

नात सांगत होती, खाली पहिला धडा अंग तोलून तरंगण्याचा. कुठे टेकायचं नाही, काही धरायचं नाही. मला आपली ईर्यासमितीच आठवली. पाऊल टाकण्याआधी पाहायचं, तसं तिथे पंख हलवण्याआधी पाहायचं.

म्हणून घरातलं कुणी निघालं की एवढं बजावा: खायला घालू नका, हात लावू नका, प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणू नका. आपल्याकडे तो कायद्यानेही गुन्हा आहे. क्रीमऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घाला.

त्या दोन तुकड्यांसाठी मी प्रतिक्रमणात क्षमा मागितली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिलं.